सळईपर्यंत मीठ पोचायला किती वर्षं? एरर फंक्शनबद्दल सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ कळेल. तुम्ही स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि खाडीतल्या एका जेट्टीच्या खांबांचं आयुष्य काढायचा प्रकल्प तुमच्याकडे आहे. काँक्रीटमध्ये क्लोराइड, म्हणजे मिठातला सळई गंजवणारा घटक, किती खोल शिरलं हे काढायच्या सूत्रात ‘एर्फ’ (एरर फंक्शन) नावाचं काहीतरी येतं. सर म्हणाले, “कोष्टकात बघून घ्या.” तुम्ही बघितलंत, उत्तर साडेचौदा वर्षं आलं, आणि तिथे तुम्ही अडलात. ज्याला सूत्रच नाही ते फलन कसलं, हाच प्राणी संख्याशास्त्राच्या पुस्तकात कसा काय भेटतो, आणि या साडेचौदा वर्षांवर सही करायची का, असे तीन प्रश्न तुम्ही विचारलेत.

माझं काम समुद्रकाठच्या बांधकामांच्या तपासणीचं आहे. कोअर म्हणजे काँक्रीटचे दंडगोल नमुने काढणं, भुकटीतलं क्लोराइड मोजणं, त्यावरून मालकाला सल्ला देणं, यात माझी बरीच वर्षं गेली. त्यामुळे उत्तर त्या बाजूने देतो. पहिले दोन प्रश्न गणिताचे आहेत आणि त्यांची उत्तरं पक्की आहेत. तिसऱ्याचं उत्तर तुमचा खांब कुठे उभा आहे यावर ठरतं. माझ्या मते तुमची खरी अडचण तिथेच आहे.

आधी ‘सूत्र नाही’ ही तक्रार. घंटेच्या आकाराचा एक वक्र घ्या: ‘ई’ या संख्येचा घात, आणि घातांकात वजा क्ष-वर्ग. शून्यापासून क्षपर्यंत या वक्राखालचं क्षेत्रफळ काढा आणि दोन भागिले पायचं (π) वर्गमूळ या संख्येने गुणा. आलेली संख्या म्हणजे एर्फ. गुणक असा निवडलाय की क्ष अनंताकडे गेला की एर्फ बरोबर १ व्हावा. एकातून एर्फ वजा केला की उरतो तो पूरक, त्याला एर्फसी म्हणतात. या क्षेत्रफळाला बेरीज-गुणाकार, मुळं, घात, लॉग, साइन यांच्या मर्यादित जुळणीतून लिहिता येत नाही, हे १८३० च्या दशकात लियुव्हिल या फ्रेंच गणितज्ञाने घडवलेल्या सिद्धांतातून निघतं. म्हणजे सूत्र कोणाला सापडलं नाही असं नाही, ते असूच शकत नाही.

पण यात बिचकण्यासारखं काही नाही. लॉगचं काय आहे? एक भागिले क्ष या वक्राखालचं क्षेत्रफळ. तेही बेरीज-गुणाकारात बसत नाही, म्हणून आपण त्याला नाव दिलं, शाळेत कोष्टकं वापरली आणि आता कॅल्क्युलेटरवर बटण आहे. साइनचं बटण दाबलं तरी आत शेवटी एक आकडेमोडच चालते. एर्फसाठीही तशीच मालिका आहे: क्ष, वजा क्षचा घन भागिले ३, अधिक पाचवा घात भागिले १०, वजा सातवा घात भागिले ४२, आणि असंच पुढे. सगळ्याला १.१२८४ ने गुणायचं. क्ष ०.५ घेऊन चारच पदं करा: ०.५ वजा ०.०४१६७ अधिक ०.००३१३ वजा ०.०००१९, म्हणजे ०.४६१२७. गुणल्यावर ०.५२०५. कोष्टकातही ०.५२०५ च आहे. एकदा हे वहीत करून बघा, एर्फबद्दलचा परकेपणा जातो. लॉगला आपण लहानपणी भेटलो आणि एर्फला उशिरा, एवढाच फरक.

आता दुसरा प्रश्न, मला सगळ्यात आवडणारा. संख्याशास्त्रातला घंटाकृती वक्र काँक्रीटमध्ये कसा पोचला?

काँक्रीट घट्ट दिसलं तरी आत बारीक छिद्रांचं जाळं असतं आणि त्यात पाणी असतं. त्या पाण्यातल्या क्लोराइडच्या आयनला सळई कुठे आहे हे माहीत नसतं. त्याला चहूबाजूंनी धक्के बसत असतात, कधी तो पुढे सरकतो, कधी मागे. असे असंख्य छोटे, एकमेकांशी संबंध नसलेले धक्के एकत्र आले की त्यांच्या बेरजेचं वाटप घंटाकृती होतं. नाणेफेकीच्या बाबतीत हे द म्वाव्हर यांनी १७३३ मध्येच दाखवलं होतं. खगोलशास्त्रज्ञाच्या मोजमापातली चूकही अशीच असंख्य छोट्या कारणांची बेरीज असते, म्हणून तिथेही तोच वक्र येतो. चुकांच्या याच सिद्धांतावरून १८७१ मध्ये ग्लेशर या इंग्रज गणितज्ञाने ‘एरर फंक्शन’ हे नाव दिलं. त्याच्याही आधी, १७९९ मध्ये, क्रांप यांनी या क्षेत्रफळाचं कोष्टक छापलं होतं, तेही ताऱ्याचा प्रकाश वातावरणात किती वाकतो हे काढायला. उष्णतेचं समीकरण फूरिएचं, त्याचं पुस्तक १८२२ चं. तेच गणित १८५५ मध्ये फिकने क्षारांच्या विसरणाला, म्हणजे पाण्यात आपोआप पसरत जाण्याला, लावलं. आणि १९०५ मध्ये आइन्स्टाइनने दाखवून दिलं की विसरणाचं समीकरण आणि कणांची दिशाहीन धडपड या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत.

मग घंटेऐवजी तिच्याखालचं क्षेत्रफळ का येतं? मिठाचा एकच थेंब मध्यभागी टाकला असता तर घंटाच मिळाली असती. पण खांबाच्या पृष्ठभागावर समुद्र रोज मीठ आणून ठेवतो, तिथली पातळी कायम राहते. तिथून आत शिरलेल्या सगळ्या छोट्या घंटांची बेरीज करायला गेलात की ती बेरीज म्हणजे क्षेत्रफळ, आणि क्षेत्रफळ म्हणजे एर्फसी.

हे नातं नुसतं तात्त्विक नाही. मिक्स डिझाइनमध्ये, म्हणजे काँक्रीटचं मिश्रण ठरवताना, तुम्ही अपेक्षित सरासरी ताकद काढताना प्रमाण विचलनाला १.६५ ने गुणता ना? शंभरातले पाचच नमुने ठरलेल्या ताकदीखाली जावेत, यासाठी तो आकडा आहे. अचूक लिहायचा तर १.६४५. आता क्लोराइडच्या गणितात एर्फसी ०.१ असेल तर क्ष किती, ते कोष्टकात बघा: १.१६३. या १.१६३ ला दोनच्या वर्गमुळाने गुणा. १.६४५ येतं. मिक्स डिझाइनमध्ये तुम्ही घंटेची एक शेपटी धरता, पाच टक्क्यांची. क्लोराइडमध्ये दोन्ही शेपट्या मिळून दहा टक्के. वक्र तोच. सरासरीच्या दोन्ही बाजूंना एक, दोन, तीन प्रमाण विचलनांत ६८.२७, ९५.४५ आणि ९९.७३ टक्के नमुने येतात हे पाठ असतं, तेही एर्फचेच आकडे आहेत, फक्त मोजपट्टी दोनच्या वर्गमुळाने बदललेली. याच वर्गमुळात विद्यार्थ्यांचा सर्वाधिक गोंधळ उडतो, तेव्हा कुठलं कोष्टक उघडलंय ते आधी बघा.

आता तुमचा खांब. सूत्र असं: खोली भागिले, दोन गुणिले विसरण गुणांक (मीठ किती झपाट्याने पसरतं ते सांगणारी संख्या) आणि काळ यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. ही संख्या एर्फसीत घालायची आणि पृष्ठभागावरच्या क्लोराइडने गुणायचं. तुम्ही घेतलेले आकडे बहुधा असे असावेत, कारण यांतून साडेचौदाच येतात: पृष्ठभागावर काँक्रीटच्या वजनाच्या ०.५ टक्के क्लोराइड, सळई गंजायला सुरुवात होण्याची मर्यादा ०.०५ टक्के, कव्हर म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर ५० मिलिमीटर, विसरण गुणांक १० चा वजा १२ वा घात चौरस मीटर प्रतिसेकंद. या गुणांकाला वर्षाच्या हिशेबात आणलं की साधारण ३१.५ चौरस मिलिमीटर होतात. एवढंच बदलून घेतलं तरी आकडे हाताशी येतात. मर्यादा भागिले पृष्ठभाग म्हणजे ०.१, म्हणून क्ष १.१६३. म्हणजे ५० बरोबर २ गुणिले १.१६३ गुणिले ३१.५ पट काळाचं वर्गमूळ. काळ साधारण साडेचौदा वर्षं. तुमची आकडेमोड बरोबर आहे.

पण इथे थांबू नका, त्यातला वर्ग बघा. बाकी सगळं तेच ठेवून कव्हर ७५ केलं तर ३३ वर्षं. कव्हर ४० भरलं तर सव्वानऊच्या वर, २५ भरलं तर पावणेचारही नाहीत. कव्हर निम्मं झालं की काळ पाव होतो. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात समुद्राच्या तुषारांत असलेल्या काँक्रीटला ५० आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्याला ७५ मिलिमीटर कव्हर सांगितलंय. हा २५ मिलिमीटरचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण वर हिशेब केलाच आहे, काळ सव्वादोन पट होतो. साइटवर कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई आणि साच्यातलं अंतर राखणारे ठोकळे, नीट न बसवल्याने जे दहा मिलिमीटर जातात, ते सिमेंटची एखादी गोणी वाढवून परत मिळत नाहीत. मला कोणी विचारलं की टिकाऊपणासाठी एकच गोष्ट बघायची तर कुठली, तर मी सळई बांधून झाल्यावर आणि ओतकामाआधी कव्हर मोजा म्हणतो.

हे सूत्र तीन गोष्टी गृहीत धरतं, आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यांतच आहे. पहिली, माध्यम एका सपाट पृष्ठभागापासून आत अमर्याद जाड आहे. दुसरी, पृष्ठभागावरचं मीठ पहिल्या दिवशी एकदम ठरलेल्या पातळीला गेलं आणि तिथेच राहिलं. तिसरी, विसरण गुणांक सगळीकडे आणि सगळ्या काळात सारखा आहे. तिन्ही खऱ्या असतील तर एर्फसी हे अचूक उत्तर आहे. एकही मोडली तर ते जवळपासचं उत्तर होतं, आणि किती जवळचं ते तुम्हाला ठरवावं लागतं.

पहिली गोष्ट कोपऱ्यावर मोडते. चौकोनी खांबाच्या कोपऱ्यातल्या सळईवर मीठ दोन बाजूंनी येतं. तिथे दोन्ही दिशांचे एर्फ एकमेकांना गुणून तो गुणाकार एकातून वजा करायचा. सपाट बाजूच्या सळईशी पृष्ठभागाच्या ०.१ पट क्लोराइड पोचलेलं असतं, तेव्हा तेवढ्याच कव्हरच्या कोपऱ्यातल्या सळईशी १ वजा ०.९ चा वर्ग, म्हणजे ०.१९ पट असतं. जवळजवळ दुप्पट. उलट गणित केलं तर तुमच्या साडेचौदा वर्षांच्या जागी कोपऱ्याला साडेदहाच्या आतच मर्यादा गाठते. खाडीवरच्या जुन्या जेट्ट्या बघा, पहिली उभी तडा कोपऱ्याच्या सळईला समांतर गेलेली दिसते. गोल खांबाला कोपरा नसतो, पण व्यास लहान असेल तर सगळीकडून येणारं मीठ आत गोळा होतं, तिथेही सपाट सूत्र थोडं आशावादी ठरतं.

दुसरी गोष्ट मोडलेली प्रत्यक्ष मोजणीत दिसते. आम्ही पृष्ठभागापासून काही काही मिलिमीटरच्या थरांनी काँक्रीट घासून भुकटी काढतो, प्रत्येक थराची वेगळी पुडी करतो, आम्लात विरघळवून सिल्व्हर नायट्रेटने क्लोराइड मोजतो. आलेखावर बिंदू मांडले की सगळ्यात जास्त क्लोराइड अगदी बाहेरच्या थरात असायला हवं. तुषारांच्या पट्ट्यात बहुतेक वेळा तसं नसतं. बाहेरचे एकदोन बिंदू खाली असतात, शिखर आत कुठेतरी असतं आणि तिथून पुढे एर्फसीसारखा छान उतार लागतो. कारण बाहेरचा थर रोज भिजतो आणि वाळतो. पाणी आत खेचलं जाताना मीठ सोबत नेतं, पावसाळ्यात बाहेरचं मीठ धुऊन जातं, आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तिथलं धरून ठेवलेलं क्लोराइड सुटून आत सरकतं. या थरात वाहतूक विसरणाने होतच नाही, मग विसरणाचं फलन तिथे बसेल कसं? म्हणून ते बिंदू बाजूला ठेवायचे आणि उरलेल्यांना एर्फसी बसवायची. प्रयोगशाळेतल्या विसरण चाचणीतही अगदी बाहेरचा थर वगळूनच वक्र बसवतात. अशा जुळणीतून निघणारं ‘पृष्ठभागावरचं क्लोराइड’ कोणी मोजलेलं नसतं, वक्र मागे ओढल्यावर तो जिथे अक्षाला टेकतो तो तो आकडा असतो. अहवालात हे स्पष्ट लिहा.

तिसरी गोष्ट आपल्या बाजूने मोडते. काँक्रीटचं वय वाढतं तसं सिमेंटचं जलयोजन चालू राहतं, छिद्रं बारीक होतात आणि विसरण गुणांक घटतो. भट्टीची मळी म्हणजे स्लॅग किंवा फ्लाय अॅश घातलेल्या काँक्रीटमध्ये ही घट जास्त असते, शिवाय काही क्लोराइड सिमेंटच्या संयुगांत अडकून पडतं. म्हणून २८ दिवसांच्या नमुन्यावरचा गुणांक तसाच पन्नास वर्षं वापरला तर उत्तर फार निराशाजनक येतं. उलट, जुन्या खांबावरून काढलेला गुणांक त्या सगळ्या काळाची सरासरी असतो, तो नव्या खांबाला लावता येत नाही. आणि काँक्रीटला तडा असेल तर हे सगळं बाजूला ठेवा. तड्यातून पाणी थेट आत जातं, तिथे एर्फचा काही संबंध नाही.

सूत्र अचूक आणि गृहीतक चुकीचं, असं झालं की काय होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण लॉर्ड केल्विनचं आहे. १८६२ मध्ये त्याने याच फलनाने पृथ्वीचं वय काढलं. पृथ्वी सुरुवातीला सगळीकडे ७००० अंश फॅरनहाइट होती, मग पृष्ठभाग थंड झाला आणि उष्णता फक्त वहनाने बाहेर पडत राहिली, असं धरलं. तुमच्या खांबाचंच गणित, मीठ आत जाण्याऐवजी उष्णता बाहेर. पृष्ठभागाशी तापमानाचा उतार किती, हे एर्फच्या शून्यापाशी असलेल्या उतारावरून लगेच निघतं. खाणींतल्या मोजणीवरून हा उतार दर ५० फुटांना एक अंश घेतला आणि खडकाची उष्णता-विसरणक्षमता वर्षाला ४०० चौरस फूट. वय म्हणजे ७००० चा वर्ग गुणिले ५० चा वर्ग, भागिले पाय गुणिले ४००. तुम्हीच करून बघा: ९ कोटी ८० लाखांच्या आसपास. अनिश्चितता धरून त्याने २ कोटी ते ४० कोटी वर्षं अशी कक्षा सांगितली.

आज आपण पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं मानतो. आपल्या पायाखालचा सह्याद्रीचा काळा बेसाल्टच सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. केल्विनचा मधला आकडा खरा असता तर पृथ्वीच्या एकूण आयुष्याचे दोन तृतीयांश वय एकट्या दख्खनच्या लाव्ह्याचं निघालं असतं. हे किरणोत्सारामुळे चुकलं असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण जॉन पेरी या त्याच्याच जुन्या सहायकाने १८९५ मध्ये, म्हणजे किरणोत्साराच्या शोधाच्या आधीच, खरी जागा दाखवली होती. पृथ्वीच्या पोटातली उष्णता नुसत्या वहनाने जात नाही, आतला भाग हळूहळू वाहून उष्णता वर आणू शकतो. तसं असेल तर वरचा उतार कितीतरी जास्त काळ तीव्र राहतो. केल्विनच्या आकडेमोडीत चूक नव्हती, आणि नेमक्या त्याच कारणाने लोकांनी ती बराच काळ मान्य केली.

गंमत अशी की, हेच गणित समुद्रतळाला लावलं तर ते उत्तम चालतं. मध्यसागरी पर्वतरांगेपाशी नवा तळ तयार होतो, दूर सरकताना थंड होतो, आकसतो आणि खचतो. पाण्याची खोली मीटरमध्ये साधारण २५०० अधिक ३५० गुणिले वयाचं वर्गमूळ, वय दशलक्ष वर्षांत. सुमारे ७ कोटी वर्षांपर्यंत हे छान जुळतं. त्यानंतर तळ सूत्राइतका खचत नाही, कारण थंडी खालपर्यंत पोचते आणि ‘अमर्याद जाड’ हे गृहीतक मोडतं. तुमच्या कोपऱ्याच्या सळईची गोष्ट तिथे उलट्या अंगाने घडते.

पोलादाचं उदाहरण मात्र आपल्या आकड्यांशी थेट जोडतो. गिअरचा दात बाहेरून कडक आणि आतून चिवट हवा असतो, म्हणून कमी कार्बनचं पोलाद ९२५ अंशांच्या आसपास कार्बनयुक्त वायूच्या भट्टीत ठेवतात. कार्बन आत विसरतो, त्याचा गुणांक तिथे साधारण १० चा वजा ११ वा घात, म्हणजे तुमच्या क्लोराइडच्या दहापट. खोली हवी एक मिलिमीटर, म्हणजे तुमच्या पन्नासावा भाग. खोलीचा वर्ग २५०० पट लहान, गुणांक दहापट मोठा, म्हणून काळ २५,००० पट कमी. तुमच्या साडेचौदा वर्षांना २५,००० ने भागा: साधारण पाच तास. हीट ट्रीटमेंटच्या कारखान्यात एक मिलिमीटरच्या केससाठी, म्हणजे बाहेरच्या कडक थरासाठी, भट्टीत लागणारा वेळ याच घरातला असतो. आणि केसची खोली दुप्पट हवी म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला चौपट वेळाचं बिल का येतं, तेही कळलं असेल.

बाकीची ठिकाणं भराभर सांगतो. इलेक्ट्रोडवर अचानक व्होल्टेज दिलं की विद्युतप्रवाह काळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटतो, हे कॉट्रेलचं समीकरण याच एर्फच्या पृष्ठभागावरच्या उतारातून येतं, आणि रक्तातली साखर मोजणाऱ्या काही पट्ट्या त्यावर चालतात. संदेशवहनात सिग्नलमध्ये मिसळलेला गोंगाट घंटाकृती असतो, म्हणून बिट चुकण्याची शक्यता एर्फसीत लिहितात. साध्या दोन-फेजच्या मॉड्युलेशनमध्ये गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल ६.८ डेसिबलवरून ९.६ वर नेला की हजारातली एक चूक लाखातली एक होते. शेपटी किती झपाट्याने बारीक होते ते यावरून दिसतं. स्फटिकांतल्या विद्युतभारांची बेरीज करताना एवाल्डने १९२१ मध्ये एक भागिले अंतर या पदाचे एर्फ आणि एर्फसी असे दोन तुकडे केले, आणि रेणूंच्या संगणकीय अभ्यासात ती पद्धत आजही रोज वापरली जाते. इथे विसरण नाही, पण घंटाकृती ढगासारखा पसरलेला भार आहे, म्हणून एर्फ आला. कुठेही एर्फ दिसला की मी आधी घंटा शोधतो, ती सापडतेच.

गणकावर करताना दोन गोष्टी सांभाळा. एर्फसी हवा असेल तर एकातून एर्फ वजा करू नका, एक्सेलमधलं एर्फसी हेच फलन थेट वापरा. क्ष ६ असताना एर्फ इतका १ च्या जवळ असतो की संगणक तो १ च धरतो, वजाबाकी शून्य येते आणि खरी, फार छोटी पण शून्य नसलेली, संख्या हरवते. काँक्रीटमध्ये इतका मोठा क्ष क्वचित लागतो, पण सवय चांगली असावी. दुसरं, उलटा एर्फ एक्सेलमध्ये नाही, आणि तुम्हाला तोच लागतो, कारण गुणोत्तरावरून क्ष काढायचा असतो. प्रमाण वितरणाचं उलटं फलन, म्हणजे नॉर्म-एस-इन्व्ह, वापरा. गुणोत्तराच्या निम्म्याला ते लावा, वजाचं चिन्ह काढा, दोनच्या वर्गमुळाने भागा. ०.१ साठी ०.०५ घातलंत की उणे १.६४५ आणि त्यातून १.१६३ मिळेल.

आता सहीचं. साडेचौदा हा एकच आकडा लिहून सही करू नका. मर्यादेचा ०.०५ हा आकडा कुठल्याही प्रकल्पात सगळ्यात अनिश्चित असतो, सिमेंट आणि सळईच्या पृष्ठभागाच्या स्थितीवर तो बदलतो. तो ०.१ धरला तर तुमचं उत्तर २४ वर्षांवर जातं. विसरण गुणांक दुप्पट निघाला तर सव्वासात वर्षांवर येतं. पृष्ठभागावरचं क्लोराइड ०.५ ऐवजी ०.४ धरलं तर मात्र सतराच्या आत राहतं, म्हणजे त्या आकड्यावर फार वेळ घालवू नका. कव्हर मीटरने प्रत्येक खांबाला वेगवेगळ्या उंचीवर कव्हर मोजा, सरासरी न लिहिता किमान आणि विस्तार लिहा. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले, तुषारांतले आणि कायम पाण्याखालचे भाग वेगळे धरा. पाण्याखाली क्लोराइड भरपूर असतं पण ऑक्सिजन कमी, त्यामुळे तिथे सळईला मीठ लागलं तरी गंज सावकाश धरतो. आणि अहवालात ‘आयुष्य’ हा शब्द घालू नका. एर्फने निघतो तो गंज सुरू होण्याचा काळ. त्यानंतर गंज फुगून कव्हरचा पोपडा सुटेपर्यंत आणखी काही वर्षं जातात, ती या सूत्रात नाहीत.

मार्गदर्शकांची परवानगी असेल तर जेट्टीवरच्या एकाच खांबातून, शक्यतो तुषारांच्या पट्ट्यात, सपाट बाजूवर एक आणि कोपऱ्याजवळ एक अशी दोन ठिकाणची थरवार भुकटी काढा. सहा-सात थर पुरतात. बिंदू मांडून झाले की आलेख इथे टाका, बाहेरचे किती बिंदू वगळायचे ते एकत्र बघू.